एकदाच ऐकलेला अल्बम

मत चटकन बनवायचं आणि मग त्याच्यासाठी कुणाशीही भांडायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड. घरी तिला आगाऊपणा म्हणत. चंदीगडच्या एका इंग्रजी दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत मात्र तिलाच संगीत-परीक्षण म्हणत आणि खाली माझी आद्याक्षरं छापत. मी तेव्हा विद्यापीठात एम.ए. करत होते. बाबा वैद्यकीय संस्थेत शिकवायचे आणि आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. पुरवणीचे संपादक एक वयस्कर सरदारजी होते. ऑफिसात येणाऱ्या इंग्रजी गाण्यांच्या कॅसेट ऐकायला तिथलं कुणी तयार नसायचं, म्हणून त्या माझ्याकडे येत.

माझा एक नियम होता आणि त्याचा मला भारी अभिमान होता. कॅसेट मी एकदाच ऐकायचे. दुसऱ्यांदा ऐकलं की मत पातळ होतं, असं मी मैत्रिणींना सांगत फिरायचे. वय वर्षं एकवीस. त्या वयात माणसाला कुणीतरी वेळीच एक टपली मारायला हवी, पण आमच्या घरी सगळे सभ्य होते.

पंजाबातली ती दहशतवादाची वर्षं होती. संध्याकाळी सातला सेक्टरचे रस्ते ओस पडत. नाक्यावर स्कूटरची डिकी उघडून दाखवायची सवय आम्हाला घराचं कुलूप उघडण्याइतकी झाली होती. कॉलेजांचे संध्याकाळचे कार्यक्रम बंदच होते आणि आंतरमहाविद्यालयीन महोत्सव सलग दोन वर्षं रद्द झाला होता. आर्किटेक्चरच्या कॉलेजात चार मुलांचा एक रॉक बँड होता. गाणी त्यांची स्वतःची, इंग्रजी. फक्त ती वाजवायला जागा नव्हती. इतर बँड आधी दहा ठिकाणी वाजवतात आणि मग अल्बम काढतात. यांनी एकही कार्यक्रम न करता थेट अल्बम काढला. एका घराच्या तळघरात एक स्टुडिओ होता, तिथे एरवी भजनं आणि रेडिओच्या जाहिराती व्हायच्या. ड्रमचा आवाज भिंतींवर आपटू नये म्हणून मुलांनी घरून रजया नेऊन टांगल्या आणि सकाळी दहा ते दुपारी चार अशा वेळात, दिवसाउजेडी घरी पोचता येईल अशा बेताने, आठ गाणी केली. हे सगळं मला नंतर कळलं. कॅसेट हातात आली तेव्हा मला माहीत होता तो फक्त कव्हरवरचा चार मुलांचा अस्पष्ट फोटो.

ज्या दिवशी मी ती ऐकली त्या दिवशी बंद होता. दुकानं बंद, बसेस बंद, आणि त्यात सकाळपासून वीज गेलेली. लेख संध्याकाळी पाचला फोनवरून ऑफिसला सांगायचा होता. टेप चालवायला सेल हवेत, आणि सेल आणणार कुठून? मी टॉर्चमधले दोन काढले. उरलेले चार गच्चीत मिळाले. संपलेले सेल उन्हात ठेवले की त्यांच्यात थोडा जीव येतो, अशी आमच्या आईची श्रद्धा होती. त्यामुळे गच्चीत एका बाजूला पापड आणि दुसऱ्या बाजूला सेल, असं वाळवण कायम असायचं. मी ते गरम गरम सेल उचलले, टू-इन-वनमध्ये घातले आणि दार लावून बसले.

आणि काय सांगू, मी थक्क झाले. पहिलं गाणं बऱ्यापैकी चालीत होतं. दुसरं जरा संथ. तिसऱ्यात गाणाऱ्याचा आवाज खाली उतरला, चौथ्यात आणखी खाली. दुसऱ्या बाजूला तर प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा जड होत गेलं, आणि शेवटच्या गाण्यात दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा होती की मला खिडकीतून बाहेरचा रिकामा रस्ता बघता आला. गाणारा जणू एकेक पायरी उतरत होता. शेवटची ओळ त्याने जवळजवळ जमिनीवर बसून म्हटली, आणि टेप थांबला. या शहरात संध्याकाळ कशी उतरते, हे कुणीतरी बरोबर पकडलं आहे, असं मला वाटलं. मला मनापासून आनंद झाला होता.

लेख एका बैठकीत झाला. हा अल्बम म्हणजे आठ गाणी नाहीत, एकच सलग उतरण आहे, असं मी लिहिलं. गाणाऱ्याच्या खर्जाबद्दल एक अख्खा परिच्छेद लिहिला. इतक्या तरुण मुलांना घाई न करण्याचं धैर्य कुठून आलं, असा प्रश्नही विचारला. पाच वाजता फोनवर ओरडून ओरडून एकेक शब्द सांगितला. दुसऱ्या दिवशी बाबांनी जाता जाता कॅसेट ऑफिसात देऊन टाकली, कारण ती ऑफिसची होती. वीज परत आली होती, पण माझं ऐकून झालं होतं.

परीक्षण गाजलं. संपादकांनी पाठ थोपटली. विद्यापीठातले एक प्राध्यापक जिन्यात थांबून म्हणाले की लेख वाचून शहराकडे नव्याने बघावंसं वाटलं. त्यांनी अल्बम ऐकला नव्हता. खरं तर कौतुक करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो ऐकला नव्हता, पण तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नाही.

दोन आठवड्यांनी आमच्या मराठी मंडळाची बैठक होती. संध्याकाळी कुणी बाहेर पडत नसल्यामुळे ती रविवारी सकाळी व्हायची. पोह्यांची प्लेट घेऊन मी उभी असताना एक काटकुळा मुलगा जवळ आला.

“ते परीक्षण तुम्हीच लिहिलं ना? मी तुम्हाला पंधरा दिवसांपासून शोधून राहिलो,” तो म्हणाला. “मी गातो त्या बँडमध्ये.”

नागपूरकडचा होता, तिसऱ्या वर्षाला. आवाज असा पातळ की मागे उभ्या असलेल्या काकूंना वाटलं कुणी शाळकरी मुलगा बोलतो आहे. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. ती चुकचुकली नाही, कारण मी लगेच एक सिद्धांत तयार केला: काही माणसांचा बोलण्याचा आवाज वेगळा आणि गाण्याचा वेगळा असतो. सिद्धांत तयार करायला मला कधी वेळ लागला नाही.

त्याने सगळं मोकळेपणाने सांगितलं. गाणी तो लिहायचा, चाली त्याच्या, पण आवाजावरून बँडमध्ये कुरबुर होती. अल्बम झाल्यावर बाकी तिघांचं ठरत आलं होतं की यापुढे याने फक्त गिटार वाजवावी आणि दुसऱ्या कुणी गावं. तेवढ्यात माझं परीक्षण आलं. “तुमच्यामुळं राहिलो मी,” तो म्हणाला. “लहानपणापासून सगळे म्हणत, तुझा आवाज बारीक आहे, तू गाऊ नको. तुम्ही पहिल्या. आईला पाठवलं मी ते कात्रण. तिला इंग्रजी नाही येत, पण तिनं फ्रेम करून लावलं बाप्पा, देवघराशेजारी!”

मला फार बरं वाटलं. एखाद्याच्या आयुष्यात आपण काहीतरी केलं, या कल्पनेने मी चांगली दोन इंच उंच झाले. आईने त्याला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं. मग तो दर रविवारी यायला लागला, आणि ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं.

त्याच महिन्यात दिल्लीच्या एका मासिकात अल्बमवर चार ओळी आल्या. त्यात म्हटलं होतं की गाणी चटपटीत आणि हसरी आहेत, थोडी जास्तच घाईची, आणि गाणाऱ्याचा आवाज पातळ आहे. मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. चटपटीत? हसरी? हा माणूस कान घरी ठेवून ऑफिसला जातो की काय? मी त्या मासिकाला दोन पानी पत्र लिहिलं. त्यात अल्बमच्या उतरत्या रचनेचं विश्लेषण होतं आणि शेवटी, यापुढे कॅसेट ऐकून मग लिहावं, असा सल्ला होता. ते मी त्याच दिवशी पोस्टात टाकलं.

पण रागाच्या खाली एक किडा वळवळायला लागला होता. एकच अल्बम दोन माणसं इतका वेगळा कसा ऐकू शकतात? आवड वेगळी असू शकते, मान्य. पण एकाला खर्ज आणि दुसऱ्याला पातळ आवाज? मी संपादकांना विचारलं, मैत्रिणींना विचारलं, जेवताना बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, “दोन डॉक्टरांची निदानं एवढी वेगळी आली, तर आम्ही पेशंटला पुन्हा तपासतो.” मी म्हटलं, संगीत म्हणजे काय पोटदुखी आहे का?

पुढच्या रविवारी तो आला तो माझ्यासाठी कॅसेट घेऊन. मी एकदाच ऐकते हे त्याला ठाऊक होतं, पण ‘जवळ असू दे’ म्हणाला. जेवण झाल्यावर आईला उत्साह आला. “लाव की गं. एवढं तू लिहिलंस, आम्हाला एकदा ऐकू तर दे.” वीज होती. मी टू-इन-वनची वायर प्लगात घातली आणि बटण दाबलं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी म्हटलं, “हा टेप फास्ट चाललाय.”

गाणं उड्या मारत होतं. गाणारा धापा टाकत मागून पळत होता आणि त्याचा आवाज हुबेहूब त्याचाच होता, बारीक, नाकातून येणारा. दुसरं गाणं तसंच. मी कॅसेट उलटली, शेवटचं गाणं लावलं. तेही टुणटुण. मी कॅसेट काढून आईची नाट्यगीतांची कॅसेट घातली. ती व्यवस्थित चालली. तो हात धुवायला आत गेला होता. आईने माझ्याकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, “त्या दिवशी तू उन्हातले सेल घातले होतेस ना? ते हळूहळू मरतात गं. मग टेप रडतो.”

मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. ती उतरण, ते पायऱ्या उतरणं, ते घाई न करण्याचं धैर्य, सगळं आमच्या गच्चीतल्या सहा सेलांचं होतं. मी अल्बम ऐकलाच नव्हता. मी सेल संपताना ऐकले होते आणि त्याचं परीक्षण लिहिलं होतं.

तो हात पुसत बाहेर आला. “दुसऱ्यांदा कसा वाटून राहिला?” त्याने विचारलं.

“मस्त,” मी म्हटलं.

पुढचे दहा-बारा दिवस माझे वाईट गेले. सांगितलं तर तो गाण्यातून जाणार, हे उघड होतं. नाही सांगितलं तर खोट्यावर त्याचं गाणं उभं राहणार, आणि मी दर रविवारी त्याला आमटी वाढत बसणार. स्वतःची लाज वाटत होती ती वेगळीच. दिल्लीला पाठवलेलं पत्र आठवलं की मी एकटीच खोलीत ‘आई गं’ म्हणायचे. पोस्टखात्याने ते हरवावं म्हणून मी अगदी मनापासून प्रार्थना केली. ते छापून आलं नाही, एवढं खरं.

आणि तरीही एक प्रश्न सुटत नव्हता. मी जे ऐकलं ते मला आवडलं होतं, यात खोटं काही नव्हतं. ते सेलांचं असेल, पण शब्द त्याचे होते, चाली त्याच्या होत्या. मग मला नक्की काय आवडलं? मी माझा नियम मोडला आणि कॅसेट पुन्हा ऐकली, मग आणखी एकदा, अशी चार वेळा. गाणी चांगली होती. गाणारा चांगला नव्हता. तो प्रत्येक ओळ लवकर संपवायला बघत होता, जणू कुणीतरी त्याला मध्येच थांबवेल.

शेवटी मी संपादकांकडे गेले आणि म्हटलं, “सर, एक दुरुस्ती छापायची आहे.”

“किस चीज़ की? नाम ग़लत छप गया?”

मी सगळं सांगितलं. ते आधी इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग गंभीर झाले. “बेटा जी, सॉरी तो हम छाप देंगे, दो लाइन की बात है. पर उस लड़के को पहले तुम बताओ. वो अख़बार में क्यों पढ़े?”

त्याच दुपारी मी आर्किटेक्चर कॉलेजात गेले. तो व्हरांड्यात मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसला होता. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं: वीज, सेल, ऊन, सगळं. तो ऐकत होता आणि हातातली पेन्सिल बोर्डाच्या कडेवर हळूहळू आपटत होता.

“म्हणजे तो आवाज माझा नव्हता,” तो म्हणाला.

“नव्हता.”

“आणि खरा? खरा कसा आहे? खरं सांग हं, आता खोटं नको बोलू.”

मी आयुष्यात शंभर गायकांना निकालात काढलं असेल, पण समोर बसलेल्या माणसाला हे सांगताना मी त्याच्या ड्रॉइंग बोर्डाकडे बघत होते. “गाणी चांगली आहेत,” मी म्हटलं. “आवाज... तो दिल्लीवाला म्हणतो तसा आहे.”

त्याने मान हलवली. मग म्हणाला, “दुरुस्ती नको छापू. आईनं फ्रेम केलंय. बाकी तिघांना मी सांगतो.” त्यामुळे ती दुरुस्ती कधी छापली गेली नाही. इतक्या वर्षांनी ही तीच समजा.

त्याने खरंच सांगितलं. मला वाटलं होतं तिघं माझ्यावर चिडतील. चिडलेही, पण एकच दिवस. मग त्यांना माझ्यासारखाच किडा चावला. मी नेमकं काय ऐकलं होतं, हे त्यांना ऐकायचं होतं. उन्हातले सेल घालून बघा, असं मी सुचवलं, तर ड्रमर म्हणाला, “ओ जी, सेल क्यों, हम बजा के देखते हैं.” हा ड्रमर सहा फुटी सरदार होता. त्यांच्या घरी गॅरेजवरच्या खोलीत सराव चालायचा. शनिवारी दुपारी त्यांनी मला तिथे बोलावलं, कारण किती हळू आणि किती खाली, हे फक्त मला माहीत होतं.

मी वेताच्या एका मोड्यावर बसले. त्यांनी शेवटचं गाणं घेतलं. “और धीरे,” मी म्हणत होते. “और. और नीचे.” वाजवणं जमत गेलं. गाणं जमेना. तो ओळ सुरू करायचा, खालच्या सुरापाशी यायचा आणि तिथे त्याचा आवाज संपून नुसती हवा यायची. त्याने सहा-सात वेळा प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. मग त्याने गिटार खाली ठेवली, ड्रमरजवळ गेला आणि म्हणाला, “तू गा के देख.”

ड्रमरने नाही-होय केलं. मग तो एकेक ओळ सांगत गेला आणि ड्रमर मागून म्हणत गेला. कुठे श्वास घ्यायचा, कुठला शब्द सोडून द्यायचा, कुठला धरून ठेवायचा, सगळं त्याने अगदी धीराने शिकवलं. स्वतः गाताना त्याने कधी केली नव्हती ती प्रत्येक गोष्ट त्याला माहीत होती. अर्ध्या-पाऊण तासाने ड्रमरने वाजवत वाजवत पूर्ण गाणं म्हटलं, आणि मी त्या बंदच्या दुपारी जे ऐकलं होतं ते त्या खोलीत उभं राहिलं. चांगलं होतं. फार चांगलं होतं. आणि ते चांगलं आहे याचा मला त्या क्षणी इतका राग आला की मी खाली बघत बसले.

तो माझ्या शेजारी जमिनीवर टेकला होता. बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत म्हणाला, “हेच ऐकलं होतं ना तू?”

मी मान हलवली.

“छान आहे,” तो म्हणाला. “गाणं माझंच आहे, पण मी नाही तर छान वाटून राहिलं.”

मला काहीतरी बोलायचं होतं. ज्या तोंडाने मी जगातल्या प्रत्येक गाण्यावर मत दिलं होतं, ते उघडेना. डोळे भरून आले होते. ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवून तिकडून ओरडून विचारलं, “हां जी, क्या कहती है क्रिटिक?”

तो माझ्याकडे बघत होता. मग त्यानेच उत्तर दिलं, मोठ्याने, त्याच्या त्या बारीक आवाजात.

“कहती है, यही रख लो.”

मी काहीच म्हटलं नव्हतं.